दूरस्थ दुरुस्तीची परंपरा : मुंबईतील समुद्री तारेपासून मुक्तस्रोत अग्निभिंतीपर्यंत

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे शोधांच्या तारखांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे ती साधने चालू ठेवणाऱ्या नित्याच्या श्रमाला दिले जात नाही. कोणते यंत्र कोणत्या वर्षी आले याची नोंद सापडते. ते बिघडले तेव्हा कोणी, कसे आणि कोठून दुरुस्त केले याची मात्र क्वचितच. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात हाच आक्षेप घेतला आहे. तंत्रज्ञानाचा खरा इतिहास हा नवलाईचा नसून वापराचा आणि देखभालीचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

प्रस्तुत लेखात हा दृष्टिकोन मुंबईच्या एका मर्यादित विषयाला लावून पाहिला आहे. संस्थेच्या संगणकजाळ्याच्या तोंडाशी बसविलेली मुक्तस्रोत अग्निभिंत म्हणजेच फायरवॉल, तिच्यातील दोष दुरून शोधणे आणि तिची आवृत्ती दुरून अद्ययावत करणे, हा तो विषय होय. वरवर पाहता तो केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु कोट, गिरगाव, परळ व दादर या परिसरातील दळणवळणाच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे. दूर असलेल्या यंत्राची दुरुस्ती जागेवर न जाता करण्याचा प्रश्न या शहरापुढे प्रथम १८७० मध्ये उभा राहिला. त्या वेळी सापडलेली उत्तरे आणि आजची उत्तरे यांत विलक्षण साम्य आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

संज्ञा आणि संकल्पना

'फायरवॉल' हा शब्द मूळचा इमारतशास्त्रातील आहे. एका भागातील आग शेजारच्या भागात पसरू नये म्हणून बांधलेली भिंत, असा त्याचा अर्थ. मुंबईला अशा भिंतीचे मोल अनुभवाने कळले आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात लागलेल्या मोठ्या आगीनंतर दाट वस्तीचा बराच भाग तटाबाहेर वसविण्यात आला आणि कोटासभोवतालचे मैदान मोकळे ठेवण्यावर भर दिला गेला.

तथापि, संगणकातील अग्निभिंतीचे काम समजण्यासाठी भिंतीपेक्षा कोटाचे दरवाजे अधिक उपयोगी पडतात. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडले जाईपर्यंत कोटात प्रवेश होत असे तो अपोलो, चर्च गेट आणि बझार गेट या तीन दरवाजांतून. तट सर्वांना अडवितो. कोणाला आत घ्यायचे हे दरवाजा ठरवितो. संगणकातील अग्निभिंतही येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीचे प्रत्येक पॅकेट तपासते. ते कोठून आले, कोठे जाणार आणि कोणत्या सेवेसाठी आहे हे पाहून नियमावलीप्रमाणे ते सोडते किंवा अडविते. नियम क्रमाने वाचले जातात, त्यामुळे एका नियमाची जागा बदलली तरी परिणाम बदलतो. जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते सर्व अमान्य, हे चांगल्या नियमावलीचे मूळ सूत्र मानले जाते.

दूरस्थ देखभालीची अडचण याच सूत्रातून उद्भवते. दुरून काम करणारा तंत्रज्ञ त्याच दरवाजातून आत येतो, ज्याची कडी तो बदलणार असतो. चुकीचा एक नियम लिहिला गेला की दरवाजा त्याच्याच तोंडावर बंद होतो आणि तो उघडण्याचे साधन आतच राहते.

तारायंत्राच्या काळातील दूरस्थ परीक्षण

ब्रिटनमधून जहाजाने आणलेली समुद्री तार फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनच्या दिशेने टाकण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुंबई आणि लंडन यांच्यातील समुद्रमार्गी तारसेवा सुरू झाली. समुद्रतळाशी पडलेल्या तारेत दोष निर्माण झाला तर तो डोळ्यांनी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा किनाऱ्यावरील केंद्रात बसून तारेचा विद्युत्‌रोध मोजला जाई. प्रत्येक सागरी मैलामागे तांब्याच्या तारेचा रोध किती, हे तार टाकतानाच नोंदवून ठेवलेले असे. मोजलेल्या रोधाची त्या नोंदीशी तुलना करून दोष किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे याचे गणित मांडले जाई आणि मग दुरुस्तीचे जहाज नेमक्या त्या ठिकाणी पाठविले जाई.

या कार्यपद्धतीचे तीन आधार होते. पहिला आधार नोंदवहीचा. मूळ मोजमापे उपलब्ध नसतील तर नव्या मोजमापाला अर्थ उरत नसे. दुसरा आधार पर्यायी मार्गाचा. इराणच्या आखातातून तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराचीला येणारी तार १८६४ मध्ये टाकली गेली होती आणि १८७० मध्ये सिमेन्स बंधूंची युरोप-इराण तारवाटही सुरू झाली. त्यामुळे एक मार्ग बंद पडला तरी संदेश दुसऱ्याने जाऊ शकत. तिसरा आधार जागेवरील माणसाचा. परीक्षण कितीही अचूक झाले तरी तार वर काढून जोडणारे हात जहाजावरच असत.

नोंद, पर्यायी मार्ग आणि जागेवरचा माणूस ही त्रिसूत्री पुढील विवेचनात वारंवार येणार आहे.

विदेश संचार निगम आणि आंतरजालाचे आगमन

विसाव्या शतकात समुद्री तार व बिनतारी सेवा यांचे प्रशासन अनेक हातांतून गेले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे १९३२ मध्ये केबल सेवेशी एकत्रीकरण झाले. १ जानेवारी १९४७ रोजी या सेवेचे राष्ट्रीयीकरण होऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस अस्तित्वात आली आणि १ एप्रिल १९८६ रोजी तिचे रूपांतर विदेश संचार निगम लिमिटेडमध्ये झाले. कोटातील महात्मा गांधी मार्गावरचे विदेश संचार भवन हे या निगमाचे प्रमुख केंद्र होते. २००२ मध्ये निगमाचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये टाटा कम्युनिकेशन्स हे नाव रूढ झाले.

संगणकजाळ्याचा प्रारंभ मात्र विद्याक्षेत्रात झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उगम पावलेले आणि पुढे जुहू येथे गेलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, तसेच पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था या मुंबईतील दोन संस्था १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पात होत्या. सर्वसामान्य नागरिकांसाठी आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे ही सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या कर्कश आवाजासह, सेकंदाला ९.६ किलोबिट इतक्या मंद गतीने ती चालत असे. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खाजगी सेवादारांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला.

आर्थिक व्यवहारही याच सुमारास जाळ्यावर आले. वरळीहून काम पाहणाऱ्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये उपग्रहाद्वारे जोडलेल्या दूरस्थ संगणकांवर व्यवहार सुरू केले, तर दलाल स्ट्रीटवरील मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' ही प्रणाली मार्च १९९५ मध्ये कार्यान्वित झाली. जाळ्याबरोबर जाळ्याचे धोकेही आले. मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर लगेचच जूनमध्ये परदेशी किशोरवयीन हल्लेखोरांच्या एका टोळीने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला. संगणकाचे दार उघडे राहण्याचा अर्थ काय, हे या घटनेने मुंबईला प्रत्यक्ष दाखविले.

मुक्तस्रोत अग्निभिंतीचा उदय

जगात या प्रश्नाची जाणीव २ नोव्हेंबर १९८८ च्या 'मॉरिस वर्म' या घटनेने झाली. त्या काळी जाळ्यात असलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी दहा टक्के बाधित झाल्याचा अंदाज वर्तविला गेला. १९९२ पासून अग्निभिंतीची व्यापारी उत्पादने बाजारात आली. परंतु त्यांच्या किमती मोठ्या कंपन्यांनाच परवडणाऱ्या होत्या. १९९४ च्या सुमारास ॲलन कॉक्स यांनी बीएसडी प्रणालीवरील पॅकेट गाळणी लिनक्समध्ये आणली. पुढे लिनक्सच्या २.२ आवृत्तीत (१९९९) 'आयपीचेन्स', २.४ आवृत्तीत (२००१) रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने 'आयपीटेबल्स' आणि ३.१३ आवृत्तीत (२०१४) 'एनएफटेबल्स' अशी स्थित्यंतरे झाली.

बीएसडी परंपरेत २००१ मध्ये परवान्याच्या अटींवरून वाद झाला. त्यामुळे ओपनबीएसडीने जुनी गाळणी काढून टाकली आणि डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेली 'पीएफ' ही नवी गाळणी स्वीकारली. मॅन्युएल कॅस्पर यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये 'मोनोवॉल' प्रसिद्ध केली. तिची सर्व मांडणी एका संचिकेत साठविलेली असे आणि ती न्याहाळकातून बदलता येई. तिच्यातून २००४ मध्ये 'पीएफसेन्स' हा प्रकल्प निघाला आणि त्यातून जानेवारी २०१५ मध्ये 'ओपीएनसेन्स'. कॅस्पर यांनी बरोबर बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, मोनोवॉलचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. मुक्तस्रोत प्रकल्पाचा अंतही अनुभवावा लागतो, ही गोष्ट देखभाल करणाऱ्यांना तेव्हा लक्षात घ्यावी लागली.

या आज्ञावलींना मुंबईत अनुकूल भूमी होती. ज्या काळात मोठी संचिका आंतरजालावरून उतरविणे जवळजवळ अशक्य होते, त्या काळात 'पीसी क्वेस्ट' या मासिकासोबत येणाऱ्या सीडींमुळे लिनक्स देशभरच्या वाचकांच्या हाती पडले. गिरगावला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणकाचे सुटे भाग वाजवी दरात मिळत. अग्निभिंतीसाठी लागणारी सामग्री अल्पच होती. कार्यालयातून बाद झालेला एक संगणक आणि दोन नेटवर्क कार्डे एवढ्यावर काम भागे. एक कार्ड बाहेरच्या जगाकडे, दुसरे संस्थेच्या आतल्या जाळ्याकडे. जुन्या वस्तूतून उपयोगाची वस्तू घडविण्याची ही रीत परळ-लालबागच्या गिरणगावातील फिटर व मिस्त्री यांच्या कौशल्याशी नाते सांगणारी आहे. ज्या गिरण्यांत ते कौशल्य जोपासले गेले, त्या गिरण्यांच्या जमिनींवर पुढे कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि त्यांतील संगणकजाळ्यांना पुन्हा देखभाल करणाऱ्या हातांचीच गरज भासली.

दुरून अद्ययावतीकरण : कार्यपद्धती आणि धोके

दूरस्थ देखभालीचे सुरक्षित साधन १९९५ मध्येच निर्माण झाले. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील ताटू युलोनेन यांनी 'एसएसएच' लिहिले. त्यापूर्वीच्या 'टेलनेट' पद्धतीत परवलीचा शब्द उघड स्वरूपात जाळ्यातून जात असे आणि वाटेत कोणालाही तो वाचता येई. डिसेंबर १९९९ मध्ये 'ओपनएसएसएच' मुक्त स्वरूपात उपलब्ध झाले.

साधन मिळाले तरी अडचणी संपल्या नाहीत. २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगमाने मुंबईत ब्रॉडबँड सेवा आणली. परंतु छोट्या ग्राहकाला मिळणारा आंतरजाल पत्ता वरचेवर बदलत असे. पत्ताच ठाऊक नसेल तर दुरून दार ठोठावणार कोठे? त्यासाठी बदलता पत्ता एका ठरावीक नावाशी जोडणाऱ्या सेवा वापरात आल्या. पुढे अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा बाहेरून आत येण्याऐवजी अग्निभिंतीनेच आतून बाहेर सुरक्षित बोगदा काढून ठेवावा, हा उपाय पुढे आला.

आवृत्ती बदलण्याचे धोके निराळे आहेत. आयपीचेन्सची नियमावली आयपीटेबल्सला जशीच्या तशी चालत नव्हती. ती नव्याने लिहावी लागली. लिनक्समध्ये २०१३ नंतर नेटवर्क कार्डांना नावे देण्याची पद्धत बदलली. जुन्या नावावर लिहिलेले नियम अशा वेळी निराधार होतात आणि यंत्र चालू असूनही संपर्क तुटतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या पीएफसेन्सच्या २.४ आवृत्तीने ३२ बिटच्या संगणकांचा आधार काढून घेतला. बाद संगणकावर उभारलेल्या अग्निभिंतींपुढे त्यामुळे यंत्र बदलावे की जुनी, असुरक्षित आवृत्ती चालवावी, असा पेच उभा राहिला.

या अनुभवांतून जगभरच्या तंत्रज्ञांमध्ये एक शिस्त रुजली आहे. प्रथम मांडणीची प्रत यंत्राबाहेर सुरक्षित ठेवावी. नव्या आवृत्तीबरोबरचे निवेदन पूर्ण वाचावे. वर्दळ नसलेली वेळ निवडावी. नियम बदलण्यापूर्वी यंत्राला अशी आज्ञा देऊन ठेवावी, की ठरावीक मिनिटांत बदलाला दुजोरा मिळाला नाही तर जुनी नियमावली आपोआप परत यावी. डेबियन लिनक्समधील 'आयपीटेबल्स-ॲप्लाय' ही छोटी आज्ञावली हेच काम करते. मुख्य जोडणीखेरीज दुसऱ्या सेवादाराची जोडणी किंवा यंत्राला थेट जोडलेली सिरियल तार हाताशी असावी. आणि शेवटी, यंत्राजवळ कोणी तरी असावे, मग ते बटण बंद करून चालू करण्यापुरते का असेना. १८७० ची त्रिसूत्री येथे जशीच्या तशी आढळते.

महापूर, टाळेबंदी आणि अंतराचा अर्थ

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती केवळ ७३ मिलिमीटर. शहराच्या दक्षिण टोकाला व्यवहार शक्य होते, पण तेथे पोहोचणे अशक्य होते. मुंबईत अंतर मैलांत न मोजता लोकलच्या वेळापत्रकात मोजले जाते. लोकल थांबली की दादरहून कोटात जाणेही परगावी जाण्याइतके अवघड होते. दूरस्थ देखभाल ही या शहरात म्हणूनच चैनीची बाब ठरत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही स्थिती महिनोन्‌महिने टिकली. लोकल सेवा २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद झाली आणि १५ जूनला अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती पुन्हा सुरू झाली. संस्थेत कोणी नसताना संस्थेचे संगणक चालू ठेवणे हे काम प्रथमच सार्वत्रिक झाले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. त्यामागे परकीय संगणकहल्ला असल्याची शक्यता मार्च २०२१ मध्ये राज्य शासनाने वर्तविली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारणाविषयी मतभेद असले तरी वीजच नसेल तर दूरस्थ व्यवस्थेचा प्रत्येक मार्ग एकाच वेळी बंद होतो, हे निर्विवाद आहे.

मुक्ततेचे सामर्थ्य आणि जबाबदारी

मुक्तस्रोत आज्ञावली सर्वांना वाचता येते म्हणून ती आपोआप सुरक्षित ठरते, असा एक समज आहे. इतिहास तो पूर्णतः मान्य करीत नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला 'हार्टब्लीड' हा दोष दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएफसेन्सच्या २.५ आवृत्तीत आलेला 'वायरगार्ड'चा भाग तज्ज्ञांच्या टीकेनंतर पुढच्याच आवृत्तीत काढून घ्यावा लागला. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या साध्या वाटणाऱ्या आज्ञावलीत एसएसएचचे दार उघडणारी चोरवाट लपविल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले, तेही प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो एवढ्या क्षुल्लक खुणेवरून. दोष वाचणाऱ्यांमुळे सापडतात. कोणी वाचत नसेल तर मुक्तता नाममात्र राहते.

कायद्यानेही आता संस्थांवर जबाबदारी टाकली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि २००४ मध्ये 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय यंत्रणा स्थापन झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील संगणकहल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी संगणक सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. शामराव विठ्ठल (१९०६) आणि सारस्वत (१९१८) यांसारख्या पतसंस्थांच्या रूपाने सहकाराची बीजे जेथे रुजली, त्या गावदेवी-गिरगाव परिसराच्या दृष्टीने ही घडामोड अर्थपूर्ण आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकहल्ल्याची माहिती सहा तासांत कळविणे आणि यंत्रातील नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे.

येथे नोंदवहीचा मुद्दा पुन्हा समोर येतो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (१८९८) जुन्या संस्थांचा इतिहास आपण त्यांच्या इतिवृत्तांतून आणि जमाखर्चाच्या वह्यांतून लिहितो. अग्निभिंतीचे नियम कोणी, केव्हा व का बदलले याचे इतिवृत्त मात्र सहसा कोणी मागत नाही. परवलीचे शब्द एकाच व्यक्तीच्या स्मरणात राहतात. ती व्यक्ती निवृत्त झाली वा अन्यत्र गेली की संस्थेच्या दाराची किल्ली तिच्याबरोबर जाते. मुक्तस्रोत आज्ञावलीसाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही, म्हणून तिच्या देखभालीचाही खर्च नाही अशी समजूत व्यवस्थापनात असेल तर हा धोका अधिक वाढतो. महाविद्यालयांत प्रवेश, निकाल आणि प्रश्नपत्रिकांची ने-आण जाळ्यावरून होऊ लागल्यापासून हा प्रश्न संगणक विभागापुरता उरलेला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, दूरस्थ दुरुस्ती ही मुंबईला आंतरजालाने दिलेली देणगी नव्हे. समुद्री तारेच्या काळापासून तिची परंपरा येथे आहे. दुसरा, साधने बदलली तरी नोंद, पर्यायी मार्ग आणि जागेवरचा माणूस हे या कामाचे आधार बदललेले नाहीत. तिसरा, मुक्तस्रोत अग्निभिंतीने छोट्या संस्थांना स्वतःचा दरवाजा स्वतः राखण्याची संधी दिली. ही संधी टिकणे न टिकणे आज्ञावलीच्या गुणवत्तेइतकेच संस्थेच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यातून एक तातडीचे कामही निघते. तारखात्याच्या नोंदी कागदावर होत्या म्हणून शतकानंतरही त्यांचा अभ्यास करता आला. १९९५ नंतरच्या जाळ्यांच्या नोंदी यंत्राबरोबर भंगारात जात आहेत. ज्या तंत्रज्ञांनी ही जाळी उभारली व राखली त्यांच्या मौखिक मुलाखती घेणे आणि मांडणीच्या जुन्या संचिका परवलीचे शब्द वगळून जतन करणे, हे महाविद्यालयांच्या इतिहास व संगणक विभागांनी संयुक्तपणे हाती घेण्याजोगे कार्य आहे. आवृत्ती बदलण्यापूर्वी प्रत काढून ठेवण्याचा नियम तंत्रज्ञ पाळतात. संस्थांनी आपल्या देखभालीच्या स्मृतीबाबतही तोच नियम पाळणे इष्ट ठरेल.